अंध काकांसाठी ब्रेल नोटटेकर (ब्रेलमध्ये लिहायचं-वाचायचं छोटं यंत्र) घेताना सगळी फीचर्स एकदम घ्यावीत की लागतील तशी?

विक्रेता जीपीएस, डिक्शनरी, ओसीआर (छापील मजकूर ओळखून वाचणं) सगळं पॅकेजमध्येच घ्या म्हणतोय ना? जरा थांबा. मी स्वतः अंध आहे, नाशिकरोडला राहतो. माझ्या यंत्रात दिशादर्शकाचे जादा पैसे भरले होते. शालिमारला उतरलो की आजही रिक्षावाल्यालाच विचारतो!

पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र आतच हवा, त्यात तडजोड नको. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ पासून आहे, अँड्रॉइडला टॉकबॅक. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, थोडा यंत्रमानवासारखा, पण कानाला सवय होते.

बाकीचं मागाहून सुटं घेता येईल का, अपडेटचे पैसे वेगळे का, हे बिलावर लिहून घ्या. आणि काकांना सोबत न्या, बटणं त्यांनाच चाचपू द्या.