स्कोअर काय झाला?

प्रश्न : नोकरी जाऊन पाच महिने झाले. एकही सामना चुकवत नाही. घरचे म्हणतात, हे पळून जाणं आहे. खरं आहे का?

उत्तर : थोडंसं आहे, नाही कशाला म्हणू? पण माझं ऐका. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर अकरा रात्री काढल्या. पहिल्या दोन रात्री कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या रात्री समोरच्या गृहस्थांच्या मोबाइलवर कसोटीचं समालोचन सुरू होतं. मी न राहवून विचारलं, ‘स्कोअर काय झाला?’ झालं! विकेटवरून वाद, वादावरून चहा, आणि मग ‘तुमचं कोण आहे आत?’ हा प्रश्न आधी कुणाला विचारवला नव्हता. नंतर आम्ही आळीपाळीनं झोपू लागलो. एकानं जागायचं, बाकीच्यांची नावं पुकारली की उठवायचं.

बर्लिनच्या युनियन या फुटबॉल क्लबचे चाहते तर याच्या कितीतरी पुढचे. २००४ मध्ये क्लबची तिजोरी रिकामी होती, तेव्हा त्यांनी रक्तदानाचे मिळालेले पैसे क्लबला दिले. २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक जणांनी स्वतः राबून स्टेडियम नव्यानं उभं केलं. त्यात बेकारही होते म्हणतात.

तुम्ही सामने एकटे पाहता की कुणासोबत, ते पत्रात लिहिलं नाहीत. एकटे पाहत असाल तर घरच्यांची काळजी मला पटते. पुढचा सामना जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन पाहा. नोकरीचा विषय तुम्ही काढू नका. मध्यंतरात तोच काढेल.