भुलीनंतरचा गोंधळ

प्रश्न : माझ्या ७६ वर्षांच्या आईचे खुब्याचे हाड मोडल्यामुळे पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागली. शुद्धीवर आल्यावर ती नीट बोलली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तिला भिंतीवर माणसे दिसू लागली, तिने सलाईनची सुई उपसून काढली आणि मला मावशीच्या नावाने हाक मारली. आज चौथा दिवस आहे. सकाळी ती बरी असते, रात्री पुन्हा तेच. भूल जास्त झाली का? पाठीतून भूल दिली असती तर हे टळले असते का? आई पूर्वीसारखी होईल ना?

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. बहुतेक रुग्णांमध्ये हा गोंधळ काही दिवसांत ओसरतो, काहींना मात्र कित्येक आठवडे लागतात. वैद्यकीय भाषेत याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे, मात्र आधीपासून असलेला, कोणाच्या लक्षात न आलेला विसरभोळेपणा अशा वेळी उघडा पडू शकतो.

भूल जास्त झाली असती तर आई मुळात उशिरा जागी झाली असती. भुलीची औषधे बहुतांशी काही तासांतच शरीराबाहेर पडतात किंवा निष्प्रभ होतात, आणि तुमच्या आईचा त्रास तर ती नीट बोलल्यानंतर सुरू झाला. मोडलेले हाड, शस्त्रक्रियेमुळे शरीरभर उठलेला दाह, वेदना, मोडलेली झोप, अनोळखी खोली, या सगळ्यांचा भार वयोवृद्ध मेंदूला एकदम पेलवत नाही. पाठीतल्या भुलीबद्दल म्हणाल, तर खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या १६०० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही प्रकारच्या भुलीनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला असा गोंधळ झालेला आढळला. त्यामुळे निवड चुकली, ही टोचणी कृपया मनातून काढून टाका.

मात्र ‘वयामुळे होते’ असे म्हणून कोणी विषय संपवू लागले, तर ते ऐकून घेऊ नका. लघवी तुंबणे, लघवीचा किंवा फुफ्फुसांचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, रक्तातील सोडियम किंवा ऑक्सिजन कमी होणे, अपुरे वेदनाशमन, झोपेच्या काही गोळ्या, यांपैकी एखादे कारण सापडले आणि दूर झाले की गोंधळही निवळू लागतो. ही तपासणी झाली का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातले बळ जाणे किंवा बोलणे अचानक अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तेव्हा क्षणाचाही विलंब नको.

बाकीचा बराचसा उपचार तुमच्याच हातात आहे, आणि औषधांपेक्षा त्याचे मोल मला अधिक वाटते. आईचा चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आजच तिला द्या. धूसर दिसणाऱ्या आणि अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाला सावली माणसासारखी वाटली, तर त्यात नवल नाही. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवे मंद करा, आणि संध्याकाळी ओळखीचे माणूस तिच्याजवळ असेल असे पाहा. भिंतीवर कोणी नाही, हे पटवून देण्यासाठी वाद घालू नका. आपण कोण, ती कुठे आहे, काय झाले, एवढे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. हात बांधून ठेवल्याने भीती आणखी वाढते. डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला बसवणे आणि आधार देऊन चालवणे लवकर सुरू करा. एखादा रुग्ण आरडाओरडा न करता नुसता मलूल पडून राहतो. तोही डिलिरियमच असू शकतो, म्हणून आई एकदम शांत झाली तर तेही परिचारिकेला सांगा.

प्रश्न : दुर्बिणीची छोटी शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होऊन मी त्याच दिवशी घरी आलो. घसा दुखतो आणि मळमळते, एरवी ठीक आहे. गाडी चालवू का?

उत्तर : निदान २४ तास चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सह्याही करू नका, स्वतःला ताजेतवाने वाटले तरी निर्णयशक्ती तितकी सावरलेली नसते. श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे दुखणारा घसा एक-दोन दिवसांत बरा होतो. मळमळ साधारणपणे दुसऱ्या दिवशी थांबते. पाणीही पोटात टिकत नसेल, तर मात्र डॉक्टरांना कळवा. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली, तर या मळमळीचा उल्लेख भूलतज्ज्ञांकडे नक्की करा, म्हणजे ती टाळणारी औषधे आधीच देता येतात.