रात्री बाराला टायमर पुन्हा भरतो

किशोरवयीन मुलं आणि मोबाईल या विषयावर सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत आहे. रोज किती तास मोबाईल चालेल? कुणी दोन सांगतं, कुणी एक.
– एक आई, जुळे सोलापूर

ते दोन तास लहान मुलांचे आहेत. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सूचनांनुसार २ वर्षांखाली स्क्रीन नकोच (अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो), २ ते ५ वयात जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० वयात २ तासांच्या आत. दहाच्या पुढे ठरीव आकडा नाही. तिथे हिशेब उलटा मांडतात. झोप, शाळा, मैदान, जेवण आणि घरच्यांशी बोलणं यांना धक्का न लावता जेवढा वेळ उरेल, तेवढाच मोबाईलचा.

मांडून बघा. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्यातले कमीत कमी ८ धरा. शाळा आणि जाण्यायेण्याचे ७, क्लास-अभ्यासाचे ४, अंघोळ-जेवणाचे २, घाम येईल अशा खेळाचा १. झाले २२. शाळेच्या दिवशी हाती उरतात २. रविवारी जास्त उरतात, ते वापरू द्या, कुरकुर नको.

पहिला आठवडा काहीच बंद करू नका, नुसतं टिपा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम'. कोणतं अ‍ॅप किती वेळ आणि दिवसात फोन किती वेळा उघडला, दोन्ही दिसतं. क्लासच्या व्हिडिओचा वेळ वेगळा काढा. रात्री दहानंतरचा वेळही वेगळा लिहा. आमच्या मते हा एकच आकडा पाहिला तरी पुरे. मग आठवड्याला अर्धा तास कमी करत जा. पाच तासांवरून एका दिवसात एकावर आणलेला मोबाईल चौथ्या दिवशी परत पाचावर गेलेला असतो.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना 'बाहेर जाऊन खेळ' म्हणणं निरर्थक आहे. अकरा ते पाच मुलं घरातच राहणार, तेव्हा मोबाईलची वेळ दुपारीच द्या आणि सकाळी सहा ते आठ व संध्याकाळी सहानंतर मोबाईल घरी ठेवून होम मैदान, कंबर तलाव किंवा गल्लीतलं क्रिकेट. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दुपारी ओरडा आणि संध्याकाळी 'बस जरा शांत' म्हणून हातात मोबाईल.

आम्ही दोघं यंत्रमागावर, माझी पाळी रात्रीची. इन्स्टाग्रामला एक तासाचा टायमर लावला, तरी पोरगं रात्री दोनपर्यंत जागंच. टायमर फोडतंय कसं?
– एक वडील, अशोक चौक परिसर

बहुधा त्याला फोडायची गरजच पडत नसेल. डिजिटल वेलबीइंगमधला टायमर ज्याचा फोन त्यानं स्वतःला घातलेला लगाम असतो. तो बहुतेक फोनांवर पासवर्डशिवाय काढता येतो आणि तुम्ही कामावरून यायच्या आत परत लावताही येतो.

न काढताही वाटा आहेत. इन्स्टाग्राम अ‍ॅप बंद झालं की तेच क्रोममध्ये उघडायचं. काही कंपन्यांच्या फोनांत 'ड्युअल अ‍ॅप' किंवा 'अ‍ॅप क्लोनर' असतो, त्यात त्याच अ‍ॅपची दुसरी प्रत बनते आणि पहिलीचा टायमर तिला लागत नाही. काहींत 'सेकंड स्पेस' म्हणजे फोनात दुसरा फोनच असतो. आजोबांचा फोन आणि टीव्हीवरचं यूट्यूब तर उघड्यावरच आहे.

आणि मुख्य गोष्ट: टायमर रात्री बाराला पुन्हा भरतो. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकचा नवा डेटाही त्याच सुमाराला येतो. पोरगं बाराची वाट बघत बसतं ते यासाठी. टायमर किती तासांचा यापेक्षा रात्री बारा वाजता फोन कुणाजवळ आहे, ते बघा.

खरं कुलूप हवं असेल तर 'फॅमिली लिंक'. तुमच्या फोनवर ते अ‍ॅप घ्या, मुलाचं गुगल खातं जोडा, 'डाउनटाइम' रात्री साडेनऊ ते सकाळी सहा ठेवा. त्या वेळेत फोन कुलूपबंद राहतो, कॉल मात्र करता येतो. हे जोडताना गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडते. मुलानं खातं उघडताना जन्मवर्ष खोटं टाकलेलं असतं, त्यामुळे गुगलच्या लेखी तो मोठा माणूस असतो आणि देखरेख लागत नाही. आधी खात्यातली जन्मतारीख दुरुस्त करा.

घरी वायफाय असेल आणि राउटरवरून त्याचा फोन रात्री बंद करणार असाल, तर एक खाच लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० पासूनचे फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक) न देता बनावट देतात. मुलानं नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडलं की काही फोनांवर तो पत्ता बदलतो आणि तुमची बंदी हवेत जाते. त्याच्या फोनात त्या वायफायच्या 'प्रायव्हसी' पर्यायात 'डिव्हाइस मॅक' निवडा, मग राउटरवर नोंद करा. त्याच्या सिममध्ये डेटा पॅक असेल तर या खटाटोपाचा काही उपयोग नाही, तो वेळ वाचवा.

सगळ्यात स्वस्त उपाय चार्जरची जागा बदलण्याचा. घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, रात्री साडेनऊला एकाच फळीवर चार्जिंगला. 'अलार्मला फोन लागतो' हे कारण लगेच येईल, म्हणून साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. एकाच खोलीचं घर असेल तर फळी आईच्या उशाकडे घ्या. चार्जिंगचा फोन डब्यात कोंडू नका, उशीखालीही नको, तापतो. उन्हाळ्यात अंथरुणं गच्चीवर गेली की हा नियम पहिल्या रात्रीच मोडतो. आपली चादर जाड, आतला उजेड बाहेर दिसत नाही! फोन खाली फळीवर ठेवूनच जिना चढायचा. तुम्ही रात्रपाळीला असताना हे आईनं किंवा आजीनं बघायचं, तुम्ही कामावरून फोन करून विचारत बसू नका.

मी अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या नोट्स, टेस्ट, लेक्चर सगळं मोबाईलवर येतं. हातात मोबाईल दिसला की मम्मी म्हणते टाइमपास चाललाय. काय करू?
– एक विद्यार्थिनी, विजापूर रोड

तुझी तक्रार रास्त आहे. पण अभ्यासाला उघडलेला मोबाईल वीस मिनिटांनी रील्सवर जातो, हेही तुला माहीत असणार. वाट तिथेच अडव.

डिजिटल वेलबीइंगमध्ये 'फोकस मोड' आहे. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, गेम त्यात टाक आणि संध्याकाळी पाच ते आठ वेळ लावून दे. क्लासचा ग्रुप सोडून बाकी ग्रुप म्यूट कर. यूट्यूबची 'वॉच हिस्टरी' बंद करून जुनी पुसून टाक, मग पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत आणि हवं ते शोधूनच काढावं लागतं. 'ऑटोप्ले'ही बंद. लेक्चर आधीच उतरवून घेतलंस तर एअरप्लेन मोडवर बघता येईल. ज्या नोट्स पुन्हा पुन्हा लागतात, त्यांची झेरॉक्स काढ. खुणा कागदावरच नीट करता येतात.

मम्मीला रोज स्पष्टीकरण देऊ नकोस. रविवारी एकदा आठवड्याचा आकडा तूच उघडून दाखव. तिनं मागायच्या आधी.

नातू चौदा वर्षांचा. गेम चालू असताना फोन काढून घेतला की वस्तू फेकतो, परवा अंगावर धावून आला. हे व्यसन म्हणायचं का?
– एक आजी, बाळे

एवढ्यावरून नाही, आजी. टीमनं खेळायच्या गेममध्ये एक मॅच पंधरा ते तीस मिनिटं चालते. मधूनच बाहेर पडलं की रँक घसरते आणि जोडीदार पोरं शिव्या घालतात. आपल्याला पाच मिनिटांचं वाटतं, त्याला हातातोंडाशी आलेला घास काढल्यासारखं होतं. 'पाच मिनिटांत ठेव' म्हणू नका. 'ही मॅच संपली की ठेव, पुढची सुरू करायची नाही' म्हणा, आणि ते मॅच सुरू व्हायच्या आधी. भांडण चालू असताना फोनला हात लावू नका. अंगावर आला तर तुम्ही खोलीबाहेर जा, आणि बोलणं दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी करावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, अशा तीन खुणा आहेत. त्या साधारण १२ महिने टिकलेल्या हव्यात, प्रकार गंभीर असेल तर कमी काळही पुरतो. शाळा बुडणं, रात्रीचा दिवस होणं, मित्र तुटणं किंवा घरातले पैसे जाणं यातलं काही असेल, तर महिने मोजत बसू नका, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. घरून बोलायचं असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. आणि प्ले स्टोअरमध्ये 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड' ही सोय आजच चालू करून घ्या.

चष्म्याच्या दुकानात 'ब्लू कट' काचा घ्या म्हणतात. मुलीचे डोळे जळजळतात. घ्याव्यात का?
– एक वाचक, बार्शी

त्यासाठी जादा पैसे घालू नका. डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जळजळ होते ती पापण्या कमी मिटल्यानं. एकटक बघताना पापणी लवणं बरंच कमी होतं, डोळा कोरडा पडतो, वर समोरून पंख्याचा किंवा कूलरचा झोत असतो. झोत बाजूला वळवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायला सांगा, खिडकीतून समोरच्या घराची टाकी दिसली तरी चालेल. फोन हातभर लांब हवा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा फळ्यावरचं धूसर दिसत असेल, तर नंबर तपासून घ्या, आणि तोही दुकानात नको, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.