मॅडम, मराठीत मीच उतरवलंय, मग चोरी कशी?

सबमिशनचा सीझन चालू झाला की या सदराला दुसरी पत्रंच येत नाहीत. त्यातली तीन घेतलीत.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए.ला आहे, डिझर्टेशनचा विषय राजर्षी शाहूंचं आरक्षण धोरण. इंग्लिशमधले दोन-तीन पेपर घेतले आणि स्वतः बसून मराठीत उतरवले, एकूण एक वाक्य माझ्या हातचं आहे. मजकूर दुसरीकडं जुळतो का ते बघणाऱ्या सॉफ्टवेअरनं ८ टक्केच दाखवलं तरी गाइड म्हणतात ही चोरी आहे. १० च्या आत आहे ना, मग?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : अगं, मेहनत तुझी आहे पण विचार कुणाचा आहे? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत, त्यात दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं याला वाङ्मयचौर्य म्हटलंय. कल्पनासुद्धा! भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही. आणि ८ टक्के म्हणजे एवढंच की मशीनला जुळणारी वाक्यं तेवढी सापडली, इंग्लिशमधनं मराठीत आणलेलं त्याला बऱ्याचदा कळतच नाही, तुझ्या गाइडना मात्र कळलं कारण त्यांनी ते पेपर वाचलेत.

टक्क्यांचं म्हणशील तर १० पर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये आलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० आलं तर वर्षभर सुधारित प्रत देताच येत नाही आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. पोरं हा आकडा खाली आणायला काय काय करतात, शब्द फिरवतात, एआयकडनं वाक्यं उलटीपालटी करून घेतात, आणि मग 'शाहू महाराज' चं 'शाहू सम्राट' होऊन बसतं (हे खरंच वाचलंय मी). आणि काहीजण उलट घाबरून अवतरणंच काढून टाकतात, त्याची तर काहीच गरज नाही. अवतरण चिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सलग १४ शब्दांपर्यंत जुळली तरी चालते.

तुझ्याच विषयातलं सांगते. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, तिथं संदर्भ नसला तरी कुणी चोर म्हणणार नाही. पण त्या निर्णयामागं वेदोक्त प्रकरणाचा (महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला, त्या वादाचा) वाटा किती, याची एखाद्या अभ्यासकानं जी मांडणी केलीय ती त्याची आहे, तिथं नाव पाहिजेच, मग तू ती मराठीत लिही नाहीतर मोडीत. आत्ता काय करायचं तर प्रत्येक परिच्छेदाला मूळ पेपरचं नाव लाव, अनुवाद माझा असं तळटीपेत लिही आणि मग बघ तुझं स्वतःचं असं किती उरतं. कमी उरलं तर गाइडकडं जाऊन तसं सांग आणि वाढवायला वेळ माग. तपासणीत सापडण्यापेक्षा ते लई बरं.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात राहतो. पुरात रस्ता बंद झाला, असाइनमेंट चार दिवस लेट झाली, सरांनी मार्क कापले. पूर काय मी आणला का?
– बी.कॉम., दुसरं वर्ष

उत्तर : नाही आणलास, आणि खरं कारण असेल तर सरांनी ऐकायला पाहिजे. पण तू कळवलंस कधी? राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दिवसातनं दहा वेळा ग्रुपवर पडते, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ३९ झालं तेव्हाच सरांना मेसेज आणि जेवढं लिहिलंय त्याचे फोटो टाकायचे की. तारखेच्या आधी मागितलेली मुदत बहुतेक शिक्षक देतात, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो, आणि इंटर्नलचे मार्क एकदा पुढं गेले की सरांच्या हातातही फारसं राहत नाही. आता लेखी अर्ज दे, तलाठ्याचा दाखला जोड आणि विभागप्रमुखांना भेट, भांडू नको.

प्रश्न : मला एका पेपरला ओ ग्रेड आणि एकाला बी, मैत्रिणीलाही तसंच. तरी तिचा एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) जास्त कसा?
– सायली, कळंबा

उत्तर : क्रेडिट, म्हणजे त्या पेपरचं वजन, बघितलंस का? दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे १० आणि बी म्हणजे ६. तुझा ओ २ क्रेडिटच्या पेपरला असेल आणि बी ४ च्या, तर २० अधिक २४ म्हणजे ४४, भागिले ६, झाले ७.३३. तिचं उलटं असेल तर ४० अधिक १२, भागिले ६, म्हणजे ८.६७. पुढच्या सेमला टाइमटेबल लावताना ४ क्रेडिटवाले पेपर आधी धर.