भजनी मंडळाची धुरा घेणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गावच्या भजनी मंडळाची जबाबदारी तू स्वीकारलीस, हे कळाले. तुझा गळा चांगला आहे आणि मला काळजी वाटते ती नेमकी त्याचीच, कारण असा माणूस पुढे बसला की मागचे टाळकरी हळूहळू श्रोते होऊन जातात.

नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका आणि पैठणचे नाथ ही सारी आपल्याच भागातली संतमंडळी. नामदेवांची तर ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांचे अभंग भजनात आले, की एकाने चरण म्हणायचा आणि धृपद सगळ्यांनी उचलायचे, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

तुझ्या वयाचा असताना एका काकड्याला, म्हणजे पहाटेच्या काकडआरतीच्या भजनाला, मी हौसेने पेटीची काळी चार ही उंच पट्टी धरली. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या थंडीत कानटोपी घालून येणारी म्हातारी माणसे, ज्यांचा गळा त्या वेळी उघडलेलाही नसतो, दुसऱ्या चरणापासूनच गप्प झाली आणि नुसते टाळ वाजवत बसली. आरतीनंतर विणेकरी आजोबा एवढेच म्हणाले, "उद्या काळी एक लाव, बाबा." तेव्हापासून पट्टी ठरवताना मी सर्वांत थकलेल्या टाळकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. (ध्वनिक्षेपकाबाबत माझे मत तुला ठाऊकच आहे, तो लावायचाच असेल तर एक माईक टाळकऱ्यांत ठेव.)

नवी मुले अभंग पाठ करायला लाजतात, म्हणून त्यांना आधी सप्ताहातला विण्याचा पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभे राहण्याची पाळी, द्यावा. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. ज्याचा पहारा संपला त्याने दुसऱ्याच्या गळ्यात ती घालून त्याच्या पाया पडायचे, मग तो वयाने लहान का असेना. रात्री दोनच्या पहाऱ्याला एकट्याने 'रामकृष्णहरी' म्हणत उभे राहिलेले पोर पुढे चारचौघांत तोंड उघडायला घाबरत नाही, असा माझा अनुभव आहे. पहाऱ्यांची यादी मात्र तू स्वतः कर आणि देवळाच्या खांबाला लाव.

मृदंगाच्या पुडीवरची (तोंडावरच्या कातड्यावरची) काळी शाई गेल्या पावसाळ्यात उडाली आहे. काकड्याआधी ती भरून घे, आणि धुमाची, म्हणजे डाव्या तोंडाला लावलेली, कणीक भजन संपताच खरवडून काढत जा, नाहीतर पुडीला उंदीर लागतात.