वाकलं तरी बोटं जमिनीला टेकत नाहीत!

प्रश्न : ऐरोलीत आयटीत आहे, वय ३८. वाकलो की बोटं जमिनीपासून वीतभर वरच राहतात. कंबर एवढी आखडलीय?

उत्तर : कंबर नसेलही हो, मांडीमागचे स्नायू असतील. वाकताना मणके आणि खुबे दोन्ही वळतात, वर हातांची लांबी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे बोटं ते जमीन मोजून एकट्या कंबरेचं काही कळत नाही. माझ्याकडे उलट्या केसही येतात, कंबर पाटासारखी सपाट आणि तळवे मात्र आरामात जमिनीला!

प्रश्न : नौपाड्यात फिजिओने मुलाच्या (वय २६) पाठीवर पेनाने खुणा केल्या, टेप लावून वाकायला सांगितलं आणि 'साडेतीन' लिहिलं. म्हणजे काय?

उत्तर : ही शोबर टेस्ट, मूळ १९३७ ची, आपण वापरतो ती १९६९ मध्ये सुधारलेली. कंबरेखाली दोन खळ्या दिसतात ना, त्या रेषेच्या १० सेंमी वर एक खूण, ५ सेंमी खाली दुसरी. उभं असताना मधे १५, पूर्ण वाकल्यावर साधारण २० तरी व्हायला हवेत. त्याचे साडेअठराच झाले, म्हणजे साडेतीनच वाढले, कमी. पण दुखेल म्हणून घाबरत वाकला असेल तरी एवढंच येतं, सो एका आकड्यावरून झोप उडवू नका. मात्र सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडलेलं असतं, हालचाल केली की मोकळं वाटतं आणि आराम केला की उलट वाढतं, असं तीन महिने चालू असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) दाखवाच, या वयात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्यांना सूज येऊन पाठ आखडणारा संधिवात) बघावा लागतो.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपवर वाकण्याचा कोन मोजतो, सकाळी कमी, रात्री जास्त येतो. अ‍ॅप गंडलंय का?

उत्तर : नाही, तुमची कंबरच तशी वागते. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, मग सकाळी पुढे वाकणं जड जातं. रोज एकाच वेळी मोजा. आणि फोन एकाच जागी ठेवून खुबाही त्यात मोजला जातो, म्हणून बरगड्या संपतात तिथे एकदा, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर एकदा, मग वजाबाकी. फोन घरातल्या कुणालातरी धरू दे.

प्रश्न : सहा आठवड्यांत शोबर दीड सेंमीने वाढलं, दुखणं तेवढंच. (वाशी)

उत्तर : होतं असं, लवचिकता आणि दुखणं हातात हात घालून चालतातच असं नाही. बादली उचलताना, चप्पल घालताना, लोकलमध्ये उभं राहताना काही फरक पडलाय का ते कळवा, मग व्यायाम बदलायचे का बघू.