उतरंडीत आपलं मडकं कितवं?

तुम्ही विचारलंय, "तिकडचे लोक आपल्याला कमी लेखतात का? आणि त्यांच्यात मिसळायचं कसं?" मला परदेशात येऊन अकरा वर्षं झाली. काही जण लेखतात, बरेचसे नाही. पण तुम्ही फक्त वरच्यांबद्दल विचारताय.

गेल्यागेल्या कुणीतरी म्हणेल, "तुमची माणसं फार हुशार, कष्टाळू." या वाक्यावर मी सहा महिने खूश होतो. मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की परक्या गटाला माणसं मुख्यतः दोन मापं लावतात: हे आपुलकीचे आहेत का, आणि यांच्यात कुवत किती. कुवत भरपूर पण आपुलकी कमी, असा शिक्का बसला की वाट्याला येतो मत्सर. म्हणजे अवघड काम तुमच्या टेबलावर हमखास येतं, संध्याकाळचं बोलावणं मात्र येत नाही.

आता खालची बाजू. ऑफिसात सफाईला येणारा माणूसही स्थलांतरितच, दुसऱ्या देशाचा. एकदा कामानंतर गप्पा मारताना कुणीतरी त्याच्या लोकांवर विनोद केला. सगळे हसले, मीही हसलो. वर म्हणालो, "आम्ही तसले नाही हं." वळून बघतो तर तो मागेच कचऱ्याची पिशवी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. माझं नाव त्याला केबिनवरच्या पाटीमुळे माहीत होतं. त्याचं मी कधी विचारलंच नव्हतं.

असं वागायला जुनं वैरही लागत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली छापलेल्या एका प्रयोगात शाळकरी मुलांना सांगितलं, की क्ले आणि कँडिन्स्की यांच्यापैकी कुणाची चित्रं आवडली त्यावरून तुमचे गट पडलेत. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. तरी पैसे वाटताना मुलं पुष्कळदा आपल्या गटाचे दोन पैसे सोडायला तयार होती, फक्त दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळायला हवेत! परदेशात तर गट आयतेच असतात. वरच्यांनी आपल्यात धरावं म्हणून आपण खालच्याला ढकलतो.

मिसळण्याचं म्हणाल तर नुसत्या हाय-हॅलोवर विसंबू नका. सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचे तर काय लागतं, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगितल्या होत्या: दर्जा बरोबरीचा, ध्येय एक, काम मिळून, आणि वरून पाठिंबा. ऑफिसात बरोबरीच जमत नाही, कुणीतरी साहेब असतोच. म्हणून मी हौशी व्हॉलीबॉल टीम धरली. पण अल्पसंख्य बाजूच्या मनावर अशा सहवासाचा परिणाम कमी होतो, असं पुढच्या संशोधनात दिसलंय. त्यामुळे वर्षभराने तुम्हाला अजून परकंच वाटलं तर स्वतःला दोष देऊ नका, टीम सोडू नका. मला तीन वर्षं लागली.